एका वाटेला एकच मागणं

पाऊस अजून गेलेला नसतो, पण जाण्याची भाषा करू लागलेला असतो, असे काही दिवस नाशकात येतात. सकाळी गोदावरीचं पाणी गढूळच असतं, घाटाच्या पायऱ्यांवर गाळ असतो, आणि दुपारी मात्र असं ऊन पडतं की दोरीवरची साडी बघता बघता वाळते. बाजारात पेरू आलेले असतात. परसात कुणी न लावलेला तेरडा फुललेला असतो. ओझरच्या कारखान्यातलं एखादं विमान घरघरत डोक्यावरून जातं आणि गल्लीतली पोरं माना वर करून ओरडत सुटतात. मी त्या उन्हात उभी राहते आणि मला मेणाचा वास येतो. घरात मेण नसतं, तरी येतो.

भाद्रपदातलं हे ऊन म्हणजे आमच्या घरी यात्रेचं ऊन. तीस सालानंतरची ती वर्षं. आम्ही नाशकातले मूठभर कॅथलिक, आणि दरवर्षी या दिवसांत आम्ही निघायचो ते साष्टी बेटावर, वांद्र्याच्या डोंगरावरच्या मोत माउलीला. शेजाऱ्यांना याची फार गंमत वाटे. सगळा मुलूख पापं धुवायला नाशकात येतो आणि तुम्ही नाशकात राहून यात्रेला बाहेर पळता, असं कुणी ना कुणी दरवर्षी म्हणेच. माझ्या सासूबाईंचं उत्तर ठरलेलं होतं. "आमची गंगेवर जास्त गर्दी नको, म्हणून जातो."

सासूबाईंना सगळे 'माय' म्हणत. त्यांचं माहेर त्या बेटावरचं. मुलगा रेल्वेत लागला आणि त्याची नेमणूक नाशिक रोडला झाली, तेव्हा त्या त्याच्यामागे इकडे आल्या. बोली अर्धी बेटावरची, अर्धी नाशिकची. ज्याला जी कळेल ती ऐकून घ्यावी. मी सिन्नरकडची. माझे आईवडील दुष्काळात मिशनच्या आश्रयाला आलेले, तिथंच मी वाढले. मी समुद्र पाहिला नव्हता, सुकट खाल्ली नव्हती आणि सासूला 'तुम्ही' म्हणायचं एवढं मात्र पक्कं शिकून आले होते. माय डोळे बारीक करून मागे वळून बघायच्या. "मी एकटीच हाय गो. तुमी कुनाला म्हनते?"

मला ज्या वर्षाची आठवण येते, त्या वर्षी माघात माझं पहिलं बाळ गेलं. जन्मलं आणि उजाडायच्या आत गेलं. सुईण आमच्यातलीच होती, तिनं प्रसंग ओळखून घाईघाईनं त्याच्या डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी घातलं, त्यामुळे त्याला नाव मिळालं. ते नाव आमच्या घरात पुन्हा कुणी उच्चारलं नाही. मीही इथं लिहीत नाही.

त्यानंतर मी अंथरूण धरलं असं नाही. मी कामं करत होते. भाकरी थापत होते, पाणी भरत होते, रविवारी देवळात मिस्सेच्या प्रार्थनेला जाऊन बसत होते. फक्त मला चव लागत नव्हती. मीठ कमी पडलं तरी कळत नव्हतं आणि जास्त झालं तरी कळत नव्हतं, आणि घरातलीही माणसं अशी की काही न बोलता तेच जेवायची. मी गुणगुणायची, ते बंद झालं होतं. शनिवारी माय मला पुढ्यात बसवून केसांना तेल लावायच्या, वेणी घालायच्या आणि मग माझा चेहरा दोन्ही हातांत धरून स्वतःकडे वळवून बघायच्या. काही विचारायच्या नाहीत. मला वाटे, त्या हिशेब करताहेत: आता पुन्हा कधी?

म्हाताऱ्या बाईला नातवंड हवं होतं. त्यात वावगं काहीच नव्हतं. म्हणूनच तर मला त्यांचा इतका राग येत होता.

माउलीच्या यात्रेची एक रीत आहे, ती ठाऊक असल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. जे मागायचं, ते मेणाचं करून माउलीपुढे ठेवायचं. हात दुखत असेल तर मेणाचा हात. डोळे अधू असतील तर मेणाचे डोळे. घर हवं असेल त्यानं मेणाचं घर ठेवावं, आणि मूल हवं असेल तिनं मेणाचं बाळ. नंतर हे सगळं मेण वितळवतात आणि त्याच्या पुन्हा मेणबत्त्या होतात, मूर्ती होतात. यंदाच्या कुणाच्या डोळ्यांत गेल्या वर्षीच्या कुणाचं घर असेल, ते सांगता येत नाही.

त्यावर मायच्या माहेरची आणखी दोन कलमं होती. एक, जे मागायचं ते फडक्यात गुंडाळून न्यायचं. माउलीपुढे उघडेपर्यंत कुणाला दाखवायचं नाही की सांगायचं नाही. आणि दुसरं, एका वाटेला एकच मागणं. एका माणसानं एका वर्षी एकच गोष्ट मागायची. "माउली एकटी, मागनारे हजार," माय म्हणायच्या, "आपन रांगेत नीट उभं ऱ्हावं. दोन-दोन हात पुढं करू नये."

त्या वर्षी मायचा उजवा गुडघा पावसाळाभर सुजला होता. एरंडाचं पान गरम करून त्या बांधायच्या, उठताना भिंतीला धरायच्या, आणि कुणाचं लक्ष आहे असं वाटलं की हात काढून घ्यायच्या. त्यामुळे त्या यात्रेला निघाल्या तेव्हा मी समजले होते की त्या पाय मागणार. मी तसं म्हणूनही बघितलं. "माय, यंदा मेणाचा पाय ना?"

"पायाला काय झालंय? जुना हाय, कुरकुरतो. यंदा माजं दुसरं काम हाय."

दुसरं काम कोणतं, ते मला सांगायला लागलंच नाही. 

निघायच्या दिवशी शेजारच्या हमीदाबी नेहमीप्रमाणे मेणबत्ती घेऊन आल्या. त्यांच्या माणसाचा मागावर साड्या विणायचा धंदा होता, आणि दरवर्षी त्यांची एक मेणबत्ती आमच्याबरोबर बेटावर जायची. मेणबत्ती माझ्या हातात देऊन त्यांनी माझी बोटं मिटली. "आमची लावशील तेव्हा तुझ्यासाठी पण बोल गं काही. नुसती दुसऱ्यांची हमाली नको करू." मी मान हलवली. मला माझ्यासाठी काहीच बोलायचं नव्हतं.

गाडीचा प्रवास मला अजून लख्ख आठवतो. इगतपुरीला ढग डब्यात शिरत, कसाऱ्याच्या घाटात उतारावर सोनकी पिवळीधमक फुललेली असे, आणि बोगद्यात शिरलं की सगळ्यांच्या तोंडावर कोळशाची काजळी. पुढे हवा जड होत जायची, अंगाला चिकटायची. कळवा मागे पडून खाडीचा पूल आला की माय पदर सावरून खिडकीशी बसायच्या आणि छातीवर क्रूसाची खूण करून म्हणायच्या, "बेट लागलं." त्यांचा चेहरा त्या पुलावर दहा वर्षांनी लहान व्हायचा. आमचे हे आईकडे बघून हसायचे. त्या वर्षीही हसले. मी खिडकीबाहेर बघत राहिले. पुलाखालचं पाणी चिखलाच्या रंगाचं होतं आणि त्यात एक बगळा एका पायावर उभा होता.

मायचं माहेर म्हणजे ताडामाडांत दडलेलं, भातशेतीनं वेढलेलं गाव. भाऊ वारलेला, घरात त्यांची भावजय होती, तिला आम्ही मामी म्हणायचो. मामी मेणाच्या वस्तू घडवण्यात वाकबगार होती. घरोघरचे नवस तिच्या हातून जायचे. त्यामुळे तिच्या पोटात साऱ्या गावाची दुखणी साठलेली होती आणि ओठ मात्र घट्ट मिटलेले.

दिवेलागणीला माय आणि मामी चुलीच्या खोलीत गेल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं. मी ओसरीवर बसले होते. फटीतून मेणाचा वास येऊ लागला, गोड आणि थोडा करपट. आतून कुजबूज येत होती. मायचा आवाज, "जरा वर. नाय, इकडं नको, तिकडं." मग मामी दार किलकिलं करून डोकावली. "गो सूनबाय, त्या माळ्यावरच्या डब्यांत मोहरी हाय का बघ. लोनच्याची उरलेली."

त्या घरात फोडणी लसणाची. मोहरी कशाला हवी असेल असं मनात आलं, पण विचारायचं सुचलं नाही. डबा काढून दिला. मामीनं त्यातून चिमूटभर घेतली आणि दार पुन्हा लोटलं. मी ओसरीवर येऊन बसले आणि डोळ्यांपुढे मेणाचं बाळ आणत राहिले. त्याच्या मुठी मिटलेल्या असतील. त्याचे गुडघे पोटाशी घेतलेले असतील. माझ्या बाळाचे होते तसे.

सकाळी आम्ही चौघं निघालो. माय, मामी, हे आणि मी. सगळे अनवाणी. मामीनं केळीच्या पानात फुगे बांधून घेतले होते. फुगे म्हणजे ताडीत आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे. हातात घेतला की हलका आणि आतून पोकळ. माझ्या हातात हमीदाबींची मेणबत्ती होती आणि मायच्या छातीशी लाल चौकड्याच्या फडक्यात गुंडाळलेलं ते गाठोडं.

ती वाट आता राहिली नाही म्हणतात. तेव्हा ती भाताच्या बांधावरून जायची. दोन्ही बाजूंना पोटरीला आलेलं भात, वाऱ्यानं कुणी हात फिरवावा तसं एका बाजूला झुकणारं. बांधावर लहान लहान लाल खेकडे, आमची चाहूल लागली की बिळांत. पायांखालची माती मऊ, गार. नाशिकच्या काळ्या मातीसारखी चिकटून न बसणारी. गावाच्या वेशीवर दगडी क्रूस असायचा, त्याला झेंडूची माळ. तिथे थांबायचं, हात लावायचा, पुढे व्हायचं. वेगवेगळ्या वाटांनी माणसं येऊन मिळत. आगरी, कोळी, पारशी बायका छत्र्या घेऊन, एक गुजराती कुटुंब आपल्या आंधळ्या आजोबांना हाताला धरून. जो तो आपापल्या गाठोड्यासह. कुणाच्या फडक्याला कोपरा आलेला, तर समजावं घर आहे. कुणाचं लांबट, तर हात किंवा पाय. मी चोरून मायच्या गाठोड्याकडे बघायची. ते लांबटही नव्हतं आणि चौकोनीही नव्हतं. एखादं तान्हं कुशीत घ्यावं तसं ते त्यांनी धरलं होतं.

ऊन चढलं तशा माय मागे पडू लागल्या. उजवा पाय टाकताना त्यांचा श्वास ऐकू यायचा. ह्यांनी बैलगाडी करायचं सुचवलं, तर म्हणाल्या, "गाडीत बसून गेलेलं मागनं गाडीतच ऱ्हातं." मी गाठोडं घेते म्हटलं, तर नाही. दर थोड्या वेळानं त्या झाडाखाली थांबायच्या. पाय टेकवायला थांबल्या असं मला वाटायचं. पण त्या फडक्यावर पदर धरून उभ्या असायच्या. मेणाला ऊन लागू नये म्हणून स्वतःच्या डोक्यावरचा पदर काढून त्यावर घातला होता. पांढऱ्या केसांतून घाम वाहत होता. मला तेव्हा राग आणि माया इतकी एकदम आली की काय करावं कळेना. एवढ्या हालानं माझ्याकडून काय काढून घ्यायला निघाल्या आहात, असं ओरडावंसं वाटलं. मी पुढे झाले, माझा पदर त्यांच्या डोक्यावर धरला आणि तशीच चालत राहिले.  

डोंगराच्या पायथ्याशी दुकानं लागलेली. चणे, खाजं, जपमाळा, आणि मेणाच्या वस्तूंच्या रांगाच रांगा. डोकी, हात, कान, हृदयं. बाळं तर ओळीनं झोपवून ठेवलेली, उन्हात त्यांची नाकं मऊ होऊन चमकत होती. मी तिकडे पाठ केली. माय आणि मामी पाणी प्यायला बसल्या होत्या, हे कुठेतरी गेले होते. मी एका दुकानापुढे उभी राहिले आणि माझ्या तोंडून निघालं, "एक पाय द्या."

"डावा का उजवा?"

"उजवा. गुडघा नीट दिसेल असा."

माझं त्या वर्षीचं एकच मागणं असं गेलं. फार विचार केला असं नाही. वाटेभर मी तो श्वास ऐकला होता, बस. पाय पदराखाली दडवला.

परत आले तर माय पहिल्याच पायरीवर बसलेल्या. गुडघा कोहळ्यासारखा सुजला होता. त्यांनी एकदा वरच्या पायऱ्यांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि फडकं माझ्यापुढे धरलं. "आता तूच ने. वर जाऊन उघड, माउलीच्या पुढ्यात ठेव. तिला म्हन, मायनं पाठवलंय, पायऱ्या तेवढ्या ऱ्हायल्या."

मी ते घेतलं. वजन फार नव्हतं. मी चढत गेले. दर पायरीला वाटत होतं, इथंच ठेवावं आणि खाली पळावं. पण मागून माणसांचा लोंढा होता, आणि ते ऊब आलेलं मेण माझ्या छातीशी होतं. माघापासून मी छातीशी काही धरलं नव्हतं.

आत अंधार, मेणबत्त्यांचा धूर, समुद्राचा खारा वारा. हमीदाबींची मेणबत्ती लावली आणि रांगेत पुढे सरकले, तर वेदीजवळ आमचे हे उभे. हातात मेणाचा पाय.

"हा कुणाचा?"

"मायचा," ते पकडले गेल्यासारखे म्हणाले.

मी नीट पाहिलं. "अहो, हा डावा आहे. मायचा उजवा दुखतो."

त्यांनी पायाकडे पाहिलं, हवेत बोट फिरवून काहीतरी ताडून पाहिलं. "माय समोर बसते तेव्हा तर तो या बाजूला…" आणि मग त्यांचं तोंड असं झालं की मला हसू फुटलं. मी पदराखालून माझा पाय काढला. दोघांनी आपापले पाय माउलीपुढे शेजारी शेजारी ठेवले. मागच्या कोळिणीनं विचारलं, "दोन्ही गेले का गो?" आणि आम्ही दोघं त्या गर्दीत, देवळात, तोंडावर हात दाबून हसत राहिलो. किती महिन्यांनी हसत होते मी. हसता हसताच फडक्याची गाठ सोडली.

बाळ नव्हतं.

आत एक बाई होती. उभी, वीतभर उंचीची. हात जोडलेले नव्हते, नुसते खाली सोडलेले. नऊवारीच्या निऱ्या मामीनं पिनेनं कोरल्या होत्या, मानेवर अंबाडा बसवला होता. आणि डाव्या गालावर, डोळ्याच्या थोडं खाली, मोहरीचा एक दाणा दाबून बसवलेला. माझ्या डाव्या गालावर तिथंच तीळ आहे. मुलगा आईचा पाय चुकला होता. पण सासू रोज माझ्यासमोर बसूनही सुनेचा गाल चुकली नव्हती.

कुणी आजारी असलं की त्याचं दुखणारं अंग मेणाचं करून ठेवतात. मायंना माझं कुठलं एक अंग सापडलं नसावं. त्यांनी सगळी मीच मागितली होती.

माझ्या हातून ती खाली ठेववेना. ह्यांनी माझ्या हाताखाली हात धरला, मग ठेवली. दोन पायांच्या मधोमध.

मायचा उजवा गुडघा पुढे कधीच बरा झाला नाही. काठी आली, मग खाट आली. डावा मात्र शेवटपर्यंत ठणठणीत होता, आणि आमचे हे त्याचं सगळं श्रेय स्वतःकडे घ्यायचे. "मी मागितलेलं माउलीनं दिलं, तुझं तूच बघ," असं मला ऐकवायचे आणि माय खाटेवरून काठी उगारायच्या. आम्हाला पुढे मुलंही झाली. ती आम्ही कुणीच मागितली नव्हती. त्यांच्या वेळी, त्यांच्या मनानं आली. माझी चव मात्र त्याआधीच परत आली होती. त्याच दिवशी, डोंगर उतरल्यावर. फुगा थंड होता, तेलकट होता, आणि मला त्यातली साखर लागली.

आता माझेच गाल सुरकुतले आहेत आणि तीळ सुरकुतीत लपला आहे. भाद्रपदाच्या उन्हात मेणाचा वास आला की माझं बोट आपोआप तिथे जातं, आहे का बघायला.

कारण त्या दिवशी मी रडून लाल झालेले डोळे घेऊन खाली आले, तेव्हा माय त्याच पायरीवर बसून चणे खात होत्या. मला वाटलं, आता विचारतील, समजलं का, पटलं का. मी काय बोलायचं ते जुळवत होते. त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, शनिवारी धरायच्या तसाच, आणि अगदी काळजीनं एवढंच विचारलं,

"मोहरी पडली नाय ना गो वाटेत? मना वाटभर तीच धास्ती. तेवढी पडली असती, तर माउलीला कसं कळलं असतं, माजी सून कंची?"